अंगठा बधिर झालाय? बॉलपेन घ्या आणि आधी कुठला भाग ते आखा

मावशीची रांगोळी बिघडली तेव्हा मी पहिल्यांदा घरच्या माणसाच्या अंगठ्यावर पेनने रेघा मारल्या. विळीवर लाल भोपळा चिरताना तिचा हात सटकला आणि उजव्या अंगठ्याला खालच्या पेरावर, तर्जनीकडच्या बाजूला खोल कापलं, जवळच्याच एका दवाखान्यात चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, दहा दिवसांनी टाके निघाले आणि जखम इतकी छान भरली की आता शोधावी लागते. मग महिन्याभराने फोन, अगं रांगोळी नीट सुटतच नाहीये, रेघ कधी जाड कधी बारीक, चिमटीत किती धरलीय तेच कळत नाही बघ.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर लोकांचे हातच बघते, त्यामुळे मला फोनवरच शंका आली. अंगठ्याच्या टोकाला पुढच्या बाजूने दोन नसा येतात, एक बाहेरच्या कडेने आणि एक तर्जनीकडच्या कडेने, आणि तिची ही दुसरी तुटली होती. टाके घालताना तपासलंच नव्हतं कुणी. तपासायला अर्धा मिनिटसुद्धा लागत नाही, म्हणून तर जास्त राग येतो.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. "अंगठा बधिर झालाय" ही तक्रार अर्धवट असते. पुढून की मागून, कुठली कड, मुळाशी की टोकाला, हे सांगितलंत तर बिघाड मानेत आहे, मनगटात आहे की पेरावर आहे याचा अंदाज शंभर रुपयाचंही मशीन न वापरता येतो. हे वाचून स्वतःच निदान करून गोळ्या घ्या असं मुळीच म्हणत नाहीये, पण डॉक्टरकडे जाताना नीट माहिती घेऊन जा एवढंच.

आधी शब्दाचा घोळ मिटवू

आपण मराठीत नसही म्हणतो आणि शीरही म्हणतो, आणि दोन्ही शब्द दोन्ही गोष्टींना वापरतो. पेशंट म्हणतात "नस दिसतेय बघा निळी", ती नस नाही, ती रक्ताची शीर. इथे मी नस म्हणेन ती संवेदना वाहणारी, पांढरट दोऱ्यासारखी, पुस्तकात जिला मज्जातंतू किंवा चेतातंतू म्हणतात ती. आणि स्नायूला हाडाशी बांधणारी जी कडक दोरी हाताला लागते ते टेंडन. तिन्ही गोष्टी मनगटात एकमेकींना चिकटून असतात, म्हणून गोंधळ होतो.

सामान काय लागेल: दोन रंगांची बॉलपेनं, थोडा कापूस, एक यू-पिन, मिलिमीटरची पट्टी, आणि स्टीलचा चमचा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवलेला. शिवाय एक शहाणं माणूस, कारण तपासणी डोळे मिटून करायची असते आणि स्वतःच्या हाताला स्वतः टोचलं की मेंदूला उत्तर आधीच फुटलेलं असतं.

पहिलं काम, पुढची बाजू

हात उताणा ठेवा, अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला टेकवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मनगटाच्या मधोमध एक दोरी उठून दिसेल. काहींना ती जन्मापासूनच नसते, घाबरू नका, काही अडत नाही तिच्यावाचून, उलट सर्जन लोक गरज पडली तर तीच काढून दुसरीकडे बसवतात. तिच्या शेजारी अंगठ्याच्या बाजूला अजून एक जाड दोरी लागेल. या दोघींच्या मधल्या फटीत, जरा खोल, मीडियन नस आहे. मानेतून निघून काखेतून, दंडाच्या आतल्या अंगाने, कोपराच्या पुढून ती इथवर आलेली असते, आणि इथून पुढे एका अरुंद बोगद्यात शिरते ज्याला कार्पल टनेल म्हणतात. खाली आणि बाजूला मनगटाची हाडं, वर जाड पट्टा, आणि आत बोटं वाकवणारी ९ टेंडनं अधिक ही एक नस. एसटीत दिवाळीच्या आदल्या दिवशी जशी गर्दी तसं, कुणी जरा फुगलं की चेंगरते ती नसच, कारण बाकी सगळे कडक आहेत.

बोगद्यातून बाहेर पडली की तिच्या फांद्या होतात. त्यातल्या दोन अंगठ्याला, एक बाहेरच्या कडेने आणि एक तर्जनीकडच्या कडेने. आता निळं पेन घ्या आणि अंगठ्याच्या मुळाशी जी आडवी घडी आहे तिथून टोकापर्यंत दोन्ही कडांनी एकेक रेघ ओढा. पण रेघ अगदी बाजूला नको, जरा पुढच्या अंगाला हवी. बाहेरच्या कडेची नस तर या घडीपाशी टेंडनवरून तिरकी जाते आणि कातडीखाली जेमतेम दोन-तीन मिलिमीटरवर असते. अंगठा अडकतो, टक्कन आवाज होऊन सरळ होतो, ते ट्रिगर थंबचं ऑपरेशन करताना सर्जन इथे सगळ्यात जपून असतात ते याच्यामुळे. त्या घडीवर नखाने हलकेच आडवं घासून बघा, काहींना बारीक दोऱ्यासारखं काहीतरी सरकतं आणि टोकाला झिणझिणतं. नाही लागलं तर जाऊ दे, ओरबाडत बसू नका.

या दोन नसा टोकाशी जाऊन थांबत नाहीत, वळसा घालून नखाखालच्या मांसाला पण फांद्या देतात. दारात अंगठा चेमटला की जी कळ डोक्यात जाते ती मुख्यतः यांचीच. तेव्हा निळा रंग पुढच्या भागात भरा, टोकावरून वर न्या आणि नखाशी थांबा.

दोन्ही अर्ध्यांत मोल मात्र सारखं नाही. चिमटीत काहीही धरताना, मीठ असो, कुंकू असो, सुईत ओवायचा दोरा असो, तर्जनीला टेकतो तो अंगठ्याचा आतला, तर्जनीकडचा अर्धा भाग. मावशीचा नेमका तोच गेला होता. बाहेरचा अर्धा गेला असता तर कदाचित वर्षभर तिने कुणाला सांगितलंही नसतं.

अंगठ्याखालचा उंचवटा वेगळा मोजा

अंगठ्याच्या मुळाशी तळहातावर जो गुबगुबीत उंचवटा आहे त्याची कातडी पण मीडियनच्याच हद्दीत येते, पण त्या भागाची फांदी मनगटाच्या साधारण ५ सेंटिमीटर आधीच फुटते आणि बोगद्याच्या वरून येते, आतून नाही. हे एकच वाक्य लक्षात राहिलं तरी पुरे. कारण बोगद्यात नस दाबली तर अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होतं पण उंचवट्याची कातडी शाबूत राहते. आणि उंचवटाही बधिर असेल तर बिघाड मनगटाच्या वर कुठेतरी शोधायचा. उंचवट्यावर तिरप्या रेघा मारून ठेवा म्हणजे वेगळा दिसेल.

आता मागची बाजू, लाल पेन

अंगठा मागे ताणा, लिफ्ट मागताना करतो तसा. मनगटापाशी दोन टेंडनांच्या मध्ये खळगा पडतो. जगभर याला तपकिरीची डबी म्हणतात, कारण लोक इथे चिमूटभर तपकीर ठेवून ओढायचे. आमच्या आजोबांना कुणी अ‍ॅनाटॉमी शिकवली नव्हती, तरी तपकीर बरोबर तिथेच ठेवायचे. खळग्याच्या तळाशी बोट दाबलं तर नाडी लागते, छतावरून एक निळी शीर जाते, आणि त्या शिरेच्या आसपास रेडियल नसेच्या कातडीकडे जाणाऱ्या फांद्या पसरलेल्या असतात.

त्या हाताला लागतात, आणि हा माझा सगळ्यात आवडता भाग आहे. अंगठा तसाच ताणून ठेवा, मागच्या बाजूचं जे लांब टेंडन उठलंय त्याच्यावर दुसऱ्या हाताचं नख मनगटाकडून अंगठ्याकडे हळूहळू सरकवत न्या. टेंडनवरून आडव्या जाणाऱ्या बारीक तारा नखाखाली टकटक उडतील. ती रेडियल नस.

ही नस दंडाच्या हाडाला मागून वळसा घालून येते, कोपरापाशी दोन भाग होतात, एक खोल जातो (तो स्नायूंचा, कातडीशी संबंध नाही) आणि एक वरवरचा. वरवरचा भाग हाताच्या पुढच्या भागात स्नायूखाली लपून येतो आणि मनगटाच्या ८-९ सेंटिमीटर आधी दोन टेंडनांच्या फटीतून एकदम कातडीखाली डोकं काढतो. तिथून पुढे तिला ना मांसाचं पांघरूण ना चरबीचं, म्हणजे घट्ट घड्याळाचा पट्टा, घट्ट कडं, हातकड्या, चुकीचं बसलेलं प्लॅस्टर, कशानेही ती दाबते. रॉबर्ट वॉर्टेनबर्ग यांनी १९३२ साली या दुखण्याबद्दल लिहिलं म्हणून त्यांचंच नाव पडलंय. तपासायला आलेल्या बाईचा लग्नातला घट्ट चुडा मनगटावरून वर सरकवायला सांगून मी निम्मं काम केल्याचं मला आठवतं.

सलाइन लावतानाही इथे घोळ होतो. ती निळी शीर सरळ, जाड आणि दिसायला इतकी सोयीची की सुई तिथेच घालायचा मोह होतो, आणि नस तिला अगदी लागून किंवा ओलांडून जाते. सुई घालताना अंगठ्याच्या पाठीकडे करंट गेल्यासारखी चमक निघाली तर दात ओठ खाऊन सहन करू नका, लगेच सांगा आणि सुई काढायला लावा.

लाल रंग अंगठ्याच्या पाठीवर नखाच्या मुळापर्यंत भरा, आणि अंगठा व तर्जनी यांच्या मधल्या मागच्या कातडीवर एक जाड गोल काढा. रेडियल नस तपासायची खरी जागा हा गोल. बाकी ठिकाणी शेजारच्या नसांची सरमिसळ असते, म्हणून कधीकधी ही नस पूर्ण तुटूनही बधिर भाग निघतो एखाद्या नाण्याएवढाच. शेजारीण म्हणजे दंडाच्या पुढून उतरून हाताच्या बाहेरच्या कडेने मनगटापर्यंत येणारी कातडीची नस, ती काही जणांत अंगठ्याच्या मुळापर्यंत पोचते. हद्दी सगळ्यांच्या सारख्या नसतात, सातबाऱ्यासारखं घट्ट नका धरू.

आणि कोपराला लागल्यावर जिच्यामुळे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ती अल्नर नस? तिची अंगठ्याच्या कातडीला एकही फांदी नाही. पण चिमटीचा जोर तिच्याकडून येतो. अंगठा आणि तर्जनीची कड यात कागद धरा, समोरच्याला ओढू द्या, धरून ठेवताना अंगठ्याचं वरचं पेर वाकडं होत असेल तर जोर कमी आहे. वस्तू हातातून पडतात म्हणणाऱ्यांत हे बघायलाच हवं, कारण बधिरपणाने पडणं वेगळं आणि जोर नसल्याने पडणं वेगळं.

तपासायचं कसं

डोळे मिटा. आधी कापूस, नुसता टेकवायचा, घासायचा नाही. दुखऱ्या अंगठ्यावर टेकवा, मग दुसऱ्या हाताच्या त्याच जागी, आणि "लागतंय का" असं विचारू नका, "दोन्हीकडे सारखं लागतंय का" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. मावशी पण हो म्हणाली होती.

कापसाने फरक वाटला तिथे गार चमचा लावा. मग यू-पिन. तिची दोन टोकं पट्टीवर मोजून ५ मिलिमीटर अंतरावर ठेवा, बोटाच्या लांबीच्या दिशेने, एका वेळी टोकाच्या एकाच अर्ध्या भागावर टेकवा, आणि दाब इतकाच की कातडी पांढरी पडायला जेमतेम सुरुवात व्हावी. कधी दोन्ही टोकं, कधी एक, असं मिसळून दहा वेळा. सात वेळा बरोबर आलं म्हणजे ते अंतर पास. बोटाच्या टोकाला ६ मिलिमीटरच्या आतलं ओळखता आलं तर नॉर्मल, ६ ते १० म्हणजे कमी झालंय, त्याच्या वर म्हणजे बरंच कमी. अंगठ्याच्या पाठीवर ही परीक्षा घेऊ नका, तिथे कुणीच पास होत नाही. मावशीला बाहेरच्या अर्ध्यावर ५ ला बिनचूक कळत होतं आणि आतल्या अर्ध्यावर मी १२ पर्यंत गेले तरी "काहीतरी टेकतंय बाई" एवढंच उत्तर.

लहान मुलं नीट सांगत नाहीत, त्यांच्यासाठी दोन युक्त्या. तुटलेल्या नसेच्या हद्दीत घाम येत नाही, म्हणून प्लॅस्टिकच्या पेनाची कड बोटावरून ओढली तर चांगल्या भागावर जरा अडखळते आणि बधिर भागावरून गुळगुळीत सरकते. दुसरी, जखम पूर्ण भरली असेल तर हात वीसएक मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा. चांगल्या कातडीला सुरकुत्या पडतात, नस तुटलेल्या भागाला पडत नाहीत. पाणी किती गरम आहे ते तुम्ही बघा, त्या बधिर बोटाने नाही.

जिथे जिथे फरक सापडला तिथे ठिपके द्या आणि ठिपक्यांभोवती रेघ ओढा.

नकाशा वाचायचा कसा

अंगठ्याच्या पुढच्या भागाबरोबर तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग, आणि उंचवटा चांगला, तर मनगटातला बोगदा. अनामिका नीट तपासा, तिचा अंगठ्याकडचा अर्धा बधिर आणि करंगळीकडचा चांगला असं दुभंगलेलं सापडलं तर मला तरी फारशी शंका उरत नाही. रात्री दोन-तीनला मुंग्यांनी जाग येते, माणूस हात झटकतो, मग बरं वाटतं. मनगट पूर्ण वाकवून एक मिनिट धरलं की मुंग्या वाढतात. गरोदरपणात, थायरॉइड कमी असलेल्यांत, शुगरवाल्यांत हे जास्त दिसतं. सुरुवातीला रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून बराच फरक पडतो, पण अंगठ्याखालचा उंचवटा सपाट व्हायला लागला तर वाट बघू नका, स्नायू वाळायला लागलाय.

फक्त पाठ आणि मधला गोल बधिर, पुढचं सगळं चांगलं, तर रेडियल. घड्याळ, कडं, सुई, जुनी जखम आठवा. सोबत मनगटच वर उचलत नसेल तर नस दंडात दाबलीय, खुर्चीच्या पाठीवर हात टाकून गाढ झोपलेल्यांचं होतं तसं.

पुढून आणि मागून दोन्हीकडे बधिर, हे मात्र जरा थांबून वाचा. कोपराखालची कुठलीही एक नस एकटीने अंगठ्याच्या दोन्ही बाजू बधिर करू शकत नाही. दोघींचे धागे एकत्र असतात ते वर मानेत, सहाव्या मानेच्या मुळात, म्हणजे रिपोर्टमध्ये जे सी-सिक्स लिहितात ते, पाचव्या आणि सहाव्या मणक्याच्या फटीतून निघणारं. मान दुखते, दंडातून हाताच्या बाहेरच्या कडेने कळ उतरते, मान मागे आणि त्या बाजूला कलली की वाढते. अशा माणसाने मनगटाला पट्टा बांधून सहा महिने घालवले तर कसं व्हायचं?

आणि अंगठा किंवा हात एकदम, मिनिटात, बधिर झाला आणि त्याच बाजूचा ओठाचा कोपराही सुन्न झाला, तर पेन ठेवा आणि १०८ ला फोन करा. मेंदूत हाताची आणि तोंडाची जागा शेजारी शेजारी आहे आणि पक्षाघाताची सुरुवात अशीही होते.

अजून एक, आपल्याकडे विसरून चालत नाही असं. मनगटाच्या बाहेरच्या कडेला रेडियल नस सुतळीसारखी जाड लागतेय, दुखते, अंगावर कुठे फिकट किंवा लालसर बधिर चट्टा आहे, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. या रोगाचे जंतू गार भागातल्या वरवरच्या नसा आधी धरतात. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळतात, सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स असतो, रोग बरा होतो, फक्त गेलेली नस उशीर झाल्यावर परत येत नाही. लाज धरून घरी बसलेले लोक बघितलेत म्हणून लिहिलं.

ताजं कापलं असेल तर

स्वच्छ फडक्याने घट्ट दाबा, हात वर धरा. आणि दवाखान्यात बधिर करायचं इंजेक्शन देण्याआधी अंगठ्याच्या टोकाचे दोन्ही अर्धे कापसाने तपासून घ्या, स्वतःच म्हणा "आधी स्पर्श बघा ना". इंजेक्शननंतर काय बघणार, सगळंच बधिर. बोटात नस पुढे आणि धमनी तिच्या मागे असते, म्हणून पुढून कापून रक्त उडत असेल तर सुरी नसेला पार करूनच तिथवर गेली असण्याची शक्यता दाट. कातडी शिवली म्हणजे नस शिवली असं नसतं. नस शिवायला हँड सर्जन किंवा प्लास्टिक सर्जन लागतो, मायक्रोस्कोप लागतो, केसापेक्षा बारीक धागा लागतो, आणि पहिल्या काही दिवसांत झालं तर उत्तम.

मावशीचं ऑपरेशन झालं तेव्हा सहा आठवडे उलटले होते. नशीब की तुटलेली टोकं फार मागे सरकली नव्हती, नाहीतर मधल्या फटीत दुसऱ्या नसेचा तुकडा घालावा लागतो, बऱ्याचदा वर सांगितलेली ती हाताच्या बाहेरच्या कडेची शेजारीणच कामी येते.

जोडलेली नस वाढते साधारण रोज १ मिलिमीटर, तेही सुरुवातीचे काही आठवडे थांबून. कुठवर आली ते कळतं. टोकाकडून जखमेकडे बोटाने हलके टिचक्या मारत यायचं, जिथे करंट लागल्यासारखं होईल तिथे नसेचं वाढतं टोक. दर महिन्याला त्या जागी पेनचा ठिपका देऊन फोटो काढायचा, तारखेसकट. मावशीच्या फोनमध्ये नातवंडांच्या फोटोंच्या मधेमधे तिच्या अंगठ्याचे फोटो आहेत.

तोवर जपायचं ते तव्यापासून, कुकरच्या शिट्टीपासून आणि गरम कपबशीपासून, कारण बधिर भागाला चटका कळत नाही, फोड आल्यावर दिसतो. आणि स्पर्श परतायला लागला की मेंदूला पुन्हा शिकवावं लागतं, कारण जुळलेले धागे आपापल्या जुन्या जागी जातातच असं नाही. वाट्यांमध्ये रवा, साबुदाणा, तांदूळ, मोहरी ठेवायची, डोळे मिटून चिमटीत धरून ओळखायचं, चुकलं तर डोळे उघडून बघत तीच चिमूट पुन्हा फिरवायची, रोज दहा-पंधरा मिनिटं दोन-तीनदा. मावशीला साबुदाणा आणि तांदूळ लवकर जमले. रवा आणि रांगोळी यात ती अजून अडखळते, आणि मोठ्या माणसात शिवलेली नस अगदी पहिल्यासारखी क्वचितच होते हे तिला मी सांगितलंय. तिने ठिपक्यांची रांगोळी सोडून सध्या जाड रेघेची संस्कारभारती धरलीय, त्यात पाच बोटं लागतात आणि अंगठ्याची चूक लपते असं तिचं म्हणणं.